खाण्याजोगी आरास

लग्नसराईत पुण्यातल्या एखाद्या मोठ्या लॉनवर, जेवणे आटोपत आली असताना, फळांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहावे. कलिंगडावर वधूवरांची नावे कोरलेली असतात. खरबुजाचा हंस असतो, पपईची फुले असतात आणि मागे किवी, ड्रॅगन फ्रूट, लालबुंद सफरचंदे यांचा पुरुषभर उंचीचा मनोरा असतो. संध्याकाळभर लोकांनी त्याच्यापुढे फोटो काढलेले असतात, पण त्यातले फळ कुणी उचललेले नसते. खाण्यासाठी म्हणून शेजारी वेगळ्या वाट्यांत चौकोनी फोडी ठेवलेल्या असतात. मग आवराआवर सुरू होते. मनोऱ्यातल्या काड्या आणि टाचण्या उपसत बसायला कुणाला वेळ नसतो. हंस सकाळी कोरलेला, रात्री त्याची मान लवलेली. तो सरळ कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जातो.

हे थांबायला हवे, आणि थांबवणे सर्वस्वी यजमानाच्या हातात आहे. म्हणजे फळांची आरास करूच नये असे मुळीच नाही. फळांइतकी देखणी, सुवासिक आणि मंगल सजावट दुसरी नाही. वाङ्‌निश्चय, डोहाळजेवण, बारसे, साठीशांत, मुलाचा वाढदिवस, कशालाही ती शोभते. पण ती हंगामातल्या फळांची असावी आणि तिच्यातले शेवटचे फळसुद्धा कुणाच्या तरी मुखी पडेल अशी रचलेली असावी. पुणेकरांना तर हे जमवणे फार सोपे आहे. गुलटेकडीचे श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड त्यांच्या शहरातच आहे.

फळ नुसते दाखवायला मांडण्याची हौस जुनी आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अननस इतका महाग होता की श्रीमंत मंडळी तो तापवलेल्या काचघरांत वाढवत. ज्यांना तेही परवडत नसे ते मेजवानीपुरता भाड्याने आणत. एकच अननस या घरच्या मेजावरून त्या घरच्या मेजावर फिरायचा. तो खायचा नसेच. यजमानाची ऐपत तेवढी त्यातून दिसायची. आज तोच अननस केरळातून ट्रक भरभरून मार्केट यार्डात उतरतो आणि रसवाल्याच्या गाडीवर कुणालाही मिळतो. मेजावरची प्रतिष्ठेची जागा आता न्यूझीलंडच्या किवीने आणि परदेशी सफरचंदाने घेतली आहे. मे २०२५ मध्ये मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार घातला, तेव्हा आपल्या ताटातले सफरचंद किती लांबून येते हे पुष्कळांच्या ध्यानात आले. लांबून आलेले फळ वाईट असते असे नाही. पण पुरंदरचा अंजीर तासाभराच्या अंतरावर पिकत असताना समारंभाची शोभा बोटीतून आलेल्या फळावर अवलंबून राहावी, याचे वाईट वाटते.

आरास भव्यही असावी आणि वायाही जाऊ नये, हे जमते का? पुण्यात ते दरवर्षी जमते आणि लाखो लोक ते डोळ्यांनी पाहतात. अक्षय्य तृतीयेला दगडूशेठ हलवाई गणपतीला ११ हजार आंब्यांचा महानैवेद्य असतो. पुण्याचे देसाई बंधू आंबेवाले तो अर्पण करतात. गाभारा, सभामंडप, कमानी सगळीकडे आंबेच आंबे असतात आणि बुधवार पेठेच्या रस्त्यापर्यंत घमघमाट येतो. दर्शन झाले की ते आंबे ससून रुग्णालयातल्या रुग्णांना, अनाथाश्रमांतल्या मुलांना, वृद्धाश्रमांतल्या माणसांना वाटले जातात. वैशाख पौर्णिमेला, पुष्टिपती विनायक जयंतीच्या दिवशी, शहाळ्यांचा महानैवेद्य असतो. ती शहाळीही ससूनच्या रुग्णांकडे जातात. भर उन्हाळ्यात आजारी माणसाला शहाळे देणे यासारखा दुसरा प्रसाद कोणता? द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या सह्याद्री फार्म्सच्या द्राक्षांची आरासही तिथे होत आली आहे.

या आराशी बारकाईने पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. तिथे फळ कोरलेले नसते, सोललेले नसते, त्यात खिळा ठोकलेला नसतो. आंबा आंबाच राहतो. रंग, आकार, संख्या आणि रांग यांतूनच सगळी शोभा उभी राहते. म्हणून दुसऱ्या दिवशी तो खाता येतो. घरच्या किंवा कार्यालयातल्या आराशीसाठी याहून चांगला धडा कुठला शोधायला नको.

असाच दुसरा धडा गोव्यात आणि सिंधुदुर्गात मिळतो. तिथे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात, तळकोकणात माटवी. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, चिबूड, तवसे, तोरंजन, आंबाडे, निरफणस, रानातली लालचुटूक कवंडळे असे त्या दिवसांत रानात, परसात जे पिकते ते सगळे तिला बांधायचे. चतुर्थीच्या आधी गोव्यात माटोळीचे खास बाजार भरतात. डोंगराकडच्या बायका टोपल्या घेऊन येतात. गोव्याचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेते. माटोळीतली सगळी फळे खाण्याची नसतात, काही औषधी, काही नुसतीच रानटी. पण घरातल्या पोराला भाद्रपदात आपल्या मुलखात काय पिकते, हे त्या एका चौकटीकडे मान वर करून पाहिले की कळते. पुण्यातल्या समारंभाच्या टेबलावरून महिना कोणता आहे हे ओळखू येत नाही. जानेवारीत तेच, जुलैत तेच.

मार्केट यार्डात मात्र महिना लगेच कळतो. घाऊक व्यापाराचा पसारा तिथे यायच्या आधी १८८६ साली बांधलेली मंडई, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, हेच शहराचे फळांचे केंद्र होते. आता पहाटे गुलटेकडीच्या फळबाजारात शिरावे. थंडीत गाळ्यांपुढे बोरांची पोती दिसतात: चमेली, उमराण, चेकनट आणि पोरांची लाडकी चण्यामण्या. त्याच दिवसांत महाबळेश्वर-वाईकडची स्ट्रॉबेरी येते, नागपूरची आणि नगरकडची संत्री येतात, पुरंदरचे अंजीर पानांवर मांडून येतात. पुढे सांगली, सोलापूर, नाशिककडची द्राक्षे जोर धरतात. उन्हाळा लागला की कलिंगड-खरबुजांचे ढीग आणि कोकणातल्या हापूसच्या पेट्या. पावसाच्या तोंडावर जांभळे. पाऊस मुरला की सासवडकडची सीताफळे, पेरू, डाळिंबे. दर सोमवारी पुण्याच्या वर्तमानपत्रांत रविवारच्या आवकेची बातमी असते: कुठून किती ट्रक, किती क्रेट, किती डाग. समारंभाची तारीख ठरली की पत्रिकेच्या मायन्याइतक्याच काळजीने ती बातमी वाचावी. फळाची आवक भरपूर तेव्हा भाव उतरलेला असतो, माल ताजा असतो आणि चवही असते. स्वस्तातली आरास आणि उत्तम आरास, दोन्ही त्याच आठवड्यात साधतात.

घाऊक बाजार असल्याने तिथे पाव किलो, अर्धा किलो मागायचे नसते; पेटी, क्रेट किंवा डाग उचलावा लागतो. शे-दीडशे माणसांच्या कार्याला ती अडचण नाही, उलट सोय आहे. चार घरांनी मिळून खरेदी केली तर लहान घरगुती समारंभालाही जमते. एक मात्र ध्यानात ठेवावे. फळ-भाजीबाजाराला शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि रविवारी गर्दी उसळते. रविवारी संध्याकाळचे कार्य असेल तर टिकाऊ फळे शुक्रवारीच आणावीत. नाजूक माल तेवढा रविवारी पहाटे.

कोणते आधी, कोणते नंतर, याचेही शास्त्र आहे. आंबा, केळी, चिकू, पपई, सीताफळ ही फळे झाडावरून उतरल्यावरही पिकतात. ती दोन-चार दिवस आधी, जरा कडक असताना घ्यावीत. सीताफळ डोळे उघडलेले पाहून घ्यावे. डोळ्यांमधल्या रेषा पिवळसर झाल्या असतील तर ते घरी हमखास पिकते. कच्चा हापूस घेतला तर पेंढ्यात अढी लावायची आणि रोज चाळून तयार फळ वेगळे काढायचे. द्राक्ष, डाळिंब, संत्रे, मोसंबी, अननस, स्ट्रॉबेरी, कलिंगड यांचे तसे नाही. ती तोडली तेव्हा जितकी गोड तितकीच राहतात. आंबट संत्रे आठवडाभर ठेवले तरी ते आंबटच. म्हणून ही फळे गाळ्यावरच चाखून घ्यावीत. आडते स्वतःहून फोड पुढे करतात. आणि पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात, तेव्हा केळी-आंब्यांच्या खोलीत बाकीचा माल कोंडून ठेवू नये.

आता रचना. सर्वांत आधी थर्माकोल काढून टाकावा. फळांचे मनोरे आणि सुळके बहुतेक ठिकाणी थर्माकोलच्या शंकूवर टोचून उभे केलेले असतात. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्राने तर मार्च २०१८ च्या अधिसूचनेनेच त्याला मनाई केली होती. त्याची गरजही नाही. केळीचा खुंट हातभर कापून परातीत उभा केला की त्यात बांबूची काडी अलगद रुतते आणि तशीच टिकते. खुंटातला ओलावा टोचलेल्या फळाला तजेला देतो. खुंट नसेल तर कोबीचा घट्ट गड्डा किंवा पालथे घातलेले अर्धे कलिंगडही चालते. यातले काहीही दुसऱ्या दिवशी गाईच्या पुढे किंवा खतात जाते.

एक मोठी पितळी परात घ्यावी, घासून लखलखीत केलेली. तळाला केळीचे पान. मध्ये पानांच्या शेंडीसकट अननस उभा करावा, कारण उंची त्यानेच येते. त्याला टेकून पपई आणि खरबूज, अखंड. त्यांच्या खांद्यावर मोसंबी-संत्र्यांची रांग, मधल्या खळग्यांत चिकू. द्राक्षांचे घड तसेच लोंबते ठेवू नयेत. कात्रीने आठ-दहा मण्यांचे लहान लहान झुबके करावेत. पाहुणा एक झुबका उचलून घेतो आणि मागे नुसते देठ उरत नाहीत. द्राक्षावरची पांढरी लव पुसू नये, ती त्याची स्वतःची असते आणि ताजेपणाची खूण असते. सफरचंद असेल तर त्यावरचे स्टिकर आधी सोलून काढावे.

डाळिंब मात्र उघडावे, कारण त्याचे खरे रूप आत असते. मुकुटाकडचा भाग सुरीने गोल, हलक्या हाताने कापून टाकावा. दाण्यांना धक्का लागू द्यायचा नाही. आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषा दिसू लागतात. त्या जिथे सालीला भिडतात तिथून खालपर्यंत नुसत्या सालीत चिरा द्याव्यात. मग दोन्ही अंगठ्यांनी बाहेर रेटले की कमळ उमलावे तसे ते पाच-सहा पाकळ्यांत उघडते, आणि एक दाणाही सांडत नाही. परातीच्या कडेने अशी चार डाळिंबे ठेवली की दुसऱ्या कुठल्या कोरीवकामाची आठवण होत नाही. पाहुण्यालाही पाकळी तोडून घेणे सोपे जाते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुरंदरच्या अंजिरालाही त्याच वर्षी. परातीपुढे कागदाच्या चिठ्ठीवर गावाचे नाव लिहून ठेवावे: अंजीर, पुरंदर; चिकू, घोलवड; केळी, जळगाव. पाहुणे ते वाचतात, एकमेकांना दाखवतात आणि मग हात पुढे करतात.

कोरीव फळांचे कारागीर याला हरकत घेतील, आणि त्यांची बाजू ऐकली पाहिजे. ही कला सोपी नाही. थायलंडमध्ये ती राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढली आणि आजही मानाने शिकवली जाते. आपल्याकडेही हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत मुले रात्र रात्र जागून ती शिकतात. त्यांची रोजी जावी असे कुणालाही वाटणार नाही. पण त्यांचा हात कोरून फेकण्यात खर्ची का पडावा? कलिंगडाच्या सालीवर नक्षी करून त्याच करंडीत त्याच्याच गराचे गोळे भरता येतात. पाहुण्यांच्या समोर उभे राहून अननस डोळ्यांच्या तिरक्या रेषेत सोलणारा, मोसंबीची फोड पडद्यातून अलगद सोडवणारा कारागीर हे तर समारंभाचे आकर्षणच ठरेल. हंसापेक्षा त्याच्याभोवती गर्दी जास्त जमेल.

कोरून ठेवलेल्या फळाला आरोग्याचाही प्रश्न आहे आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. कापलेले फळ बाहेर उघड्यावर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही, असे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणा सांगतात. पुण्यातला एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणावा. कलिंगड आणि खरबुजात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे जंतू त्यांत झपाट्याने वाढतात. शिवाय खरबुजाची साल खरबरीत. शेतातली माती तिच्या जाळीत अडकलेली असते आणि सुरी तीच माती गरात नेते. कापण्याआधी अख्खे फळ वाहत्या पाण्याखाली घासून धुणे याला पर्याय नाही. सफरचंद, पेरू, केळी कापली की हवेने काळवंडतात. लिंबाच्या पाण्यातून काढले की तासभर थांबतात, पण तासभरच. अखंड फळांच्या आराशीला यातली कुठलीच भीती नाही. फोडी लागतील तशा, थोड्या थोड्या, पाहुण्यांसमोर कराव्यात.

काही यजमान म्हणतात, एवढ्या खर्चात शे-पाचशेची फळे गेली तर काय बिघडले. इथे गप्प बसवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा तो १९ टक्के भाग. आपल्याकडे फळ ग्राहकापर्यंत पोचण्याआधीच केवढे गळते! लुधियानाच्या ‘सिफेट’ या केंद्रीय संशोधन संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत पेरूचे काढणीनंतरचे नुकसान जवळजवळ १६ टक्के निघाले. म्हणजे टेबलावर आलेला पेरू हा बहर धरणे, छाटणी, फळमाशी, गारपीट, टेम्पोतले धक्के या सगळ्यांतून वाचून आलेला पेरू असतो. शेतकऱ्याने तो कागदात गुंडाळून क्रेटमध्ये भरला. हमालाने पाठीवर घेतला, तोलणाराने तोलला. ज्या मार्केट यार्डातल्या हमालांसाठी डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आयुष्यभर लढा दिला, त्या यार्डातून आलेला माल फोटोपुरता वापरून फेकणे हा पैशाचा प्रश्न उरत नाही. ते त्या श्रमाचा अपमान करणे आहे.

त्यामुळे केटररशी बोलणी करतानाच चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. आरास अखंड, हंगामी फळांची असेल. थर्माकोल आणि टाचण्या वापरल्या जाणार नाहीत. पहिल्या पंगतीपासूनच पाहुण्यांना परातीतले फळ उचलून घेता येईल; ‘हात लावू नये’ असा पहारा नसेल. आणि उरलेली अखंड फळे रात्रीच टोपल्यांत भरून यजमानाच्या ताब्यात मिळतील. मंगल कार्यालयांनी हे आपल्या नियमांतच घातले तर फारच चांगले.

ती फळे कुठे द्यायची, हेही आधीच ठरलेले असावे. रात्री अकराला कुणी शोधत बसणार नाही. कापलेले, उघड्यावर राहिलेले काहीही द्यायचे नाही. जवळच्या वृद्धाश्रमाला किंवा वसतिगृहाला दोन दिवस आधी फोन करावा, माणसे किती ते विचारावे, मधुमेहाचे रुग्ण किती तेही विचारावे. मुलांच्या वसतिगृहात बोरे, पेरू, संत्री हातोहात संपतात. वृद्धाश्रमात कडक पेरू नेऊन उपयोग नाही. तिथे पिकलेली पपई, चिकू आणि केळी न्यावीत, आणि सकाळच्या नाश्त्याच्या आत पोचतील अशी न्यावीत.